अकरा महिन्यांचा सुभेदार

आमच्या घरात मुलुख जिंकायचं काम माझं आणि इम्मूचं होतं, आणि जिंकलेले मुलुख सांभाळायचं काम अब्बांचं. ही वाटणी कुणी बसून ठरवली नव्हती, ती आपोआप पडत गेली. इम्मूला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला, लढाईशिवाय कशातच रस नव्हता. मला नकाशाचं वेड होतं. आणि अब्बा शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सचं गोदाम सांभाळत, त्यामुळे सांभाळणं ही गोष्ट जगात फक्त आपल्यालाच जमते अशी त्यांची पक्की समजूत होती. खेळ कॉम्प्युटरवरचा होता. त्यातली कल्पना अशी, की युरोपातली गलबतं आपल्या समुद्रात कधी पोचलीच नाहीत. पोर्तुगीज नाहीत, इंग्रज नाहीत, कंपनी सरकार नाही. मग पुढचा इतिहास कसा घडला असता तो तुम्ही घडवा. कुठलंही राज्य निवडा, फौज उभी करा, आरमार बांधा, शेजाऱ्याचा मुलुख घ्या. आम्ही अर्थातच कोकणकिनारा घेतला. अब्बांनी सांगितलेल्या इतिहासात जंजिऱ्याचे सिद्दी आणि मराठे जन्मभर एकमेकांशी भांडत राहिले होते. मी खेळाच्या पहिल्याच वर्षी दोघांचा तह करून टाकला, कारण मला दोघेही आपलेच वाटत. मग त्या दोघांच्या मिळून झालेल्या आरमारासमोर अरबी समुद्रात कुणाची टाप नव्हती.

घेतलेला मुलुख मात्र लगेच आपला होत नसे, आणि खेळाची खरी गंमत तिथेच होती. नव्या मुलुखावर नकाशात तिरके पट्टे दिसत, म्हणजे कब्जा आपला पण माणसं अजून आपली नाहीत. तिथे सुभेदार नेमायचा, शिबंदी ठेवायची, आणि कारभार आपल्या माणसांनी करायचा की तिथल्याच पंचांच्या हाती द्यायचा हे ठरवायचं. जास्त दाबलं की लोक बिथरत, पट्टे लाल होत आणि एक दिवस बंड होई. सैल सोडलं तर वसुली कमी येई, पण पट्टे हळूहळू पुसले जात. इम्मूला हे सगळं कंटाळवाणं वाटे. तो म्हणे, 'यू डू द बोरिंग पार्ट,' आणि खुर्चीवरून उठून जाई.

आमचा फ्लॅट शारजाशेजारच्या शहरात, करामा भागातल्या जुन्या, बुटक्या इमारतींपैकी एकीत दुसऱ्या मजल्यावर होता. कॉम्प्युटर हॉलमध्ये, सोफा आणि अम्मीचं शिलाई मशीन यांच्या मधल्या बोळकांडीत. त्याला लागूनच खिडकीतला एसी, जो सुरू होताना एवढा घरघरे की खेळातल्या तोफा ऐकू येत नसत. खाली कॅफेटेरियातला मल्याळी पोऱ्या गाड्यांपर्यंत चहा पोचवायला धावायचा, आणि गाड्यांचे हॉर्न म्हणजे त्याला मारलेल्या हाका होत्या. शुक्रवारी जुम्म्याच्या वेळी मात्र सगळी गल्ली एकदम शांत होई. नमाजाहून अब्बा येईपर्यंत अम्मीचं कोळंबीचं कालवण उकळत असे, तांदळाच्या भाकऱ्या फडक्यात गुंडाळलेल्या असत, आणि एखाद्या शुक्रवारी डब्यातल्या आमरसाची सांदणं. सांदणांना गावच्या रसाची चव नाही असं अब्बा दर वेळी म्हणत आणि दर वेळी शेवटचं सांदण तेच उचलत. सुका बोंबील भाजायचा असेल तर अम्मी आधी दाराखाली ओला टॉवेल लावी, कारण समोरच्या बिऱ्हाडाने एकदा इमारतीच्या रखवालदाराकडे, म्हणजे तिकडे ज्याला नातूर म्हणतात त्याच्याकडे, गॅस गळत असल्याची तक्रार केली होती. मी आता नवी मुंबईत राहते, बोंबील खुशाल भाजते, पण टॉवेल न लावता भाजताना अजूनही चोरी केल्यासारखं वाटतं.

जेवणानंतर अब्बा आडवे व्हायचे ते सोफ्यावर, आणि सोफ्यावरून स्क्रीन दिसायचा. सुरुवातीला ते नुसते बघत. मग एका शुक्रवारी उठून बसले आणि म्हणाले, एवढा मुलुख घेतलात, तिथे बघतंय कोण? तेव्हापासून कब्ज्यातल्या मुलुखांचं खातं त्यांच्याकडे गेलं. चष्मा लावून ते एकेक सुभा उघडत, शिबंदी मोजत, खजिन्यातल्या मोहरांचे आधी दिरहम आणि मग रुपये करून मोठ्याने सांगत. सगळं चोख. फक्त दोन गोष्टी ते कधीही करत नसत. एक, तिथल्या पंचांच्या हाती कारभार देत नसत. दोन, कुठलाही सुभेदार एका जागी वर्षभर ठेवत नसत. अकरा महिने झाले की त्याला परत बोलवायचा आणि दुसरा पाठवायचा. खेळाच्या नियमाप्रमाणे नव्या सुभेदाराला मुलुख समजायलाच सहा महिने लागत. त्यामुळे बिचारा कुठे स्थिरस्थावर होतोय न होतोय तोच त्याची उचलबांगडी होई, आणि आमच्या अर्ध्या साम्राज्यात कायम कुठे ना कुठे बंड पेटलेलं असे. आम्ही कारण विचारलं की अब्बांचं उत्तर एकच: 'कूळ लागेल.'

हे कूळ म्हणजे काय ते आम्हाला तेव्हा धड माहीत नव्हतं. इम्मू तर एकदा वैतागून म्हणाला, 'अब्बा, देअर इज नो कूळ इन धिस गेम.' अब्बा शांतपणे म्हणाले, 'बेटा, कूळ सगळीकडे असतं.' रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात अब्बांच्या वडिलांची खाडीकाठची भातजमीन होती. ती दुसरं घर कसत होतं. कायदा आला, कसणाऱ्याची जमीन झाली, आणि अब्बा शाळकरी असताना एका वर्षी घरात भात आला नाही. तो धसका त्यांच्या मनात कायमचा बसला. ज्यांना जमीन मिळाली त्यांनी ती दोन पिढ्या कसली होती, आणि आमच्या आजोबांनी त्या चिखलात कधी पाय घातला नव्हता, हे मला फार उशिरा आणि तेही बाहेरच्या माणसाकडून कळलं. घरात गोष्टीचा तेवढा भाग कुणी सांगत नसे.

आता गावी आमचं कौलारू घर आणि मागे हापूस कलमांची बाग एवढंच उरलं होतं. तिथे हाजरा चाची राहायची. अब्बांच्या एका चुलतभावाची ती बायको. चाचा बोटीवर खलाशी होते, ते बोटीवरच वारले, आणि तेव्हापासून चाची तिच्या लेकीला, माझ्याच वयाच्या रुखसारला, घेऊन आमच्या घरात राहून घर आणि बाग राखत होती. तिला दुसरं घर नव्हतं. माहेर होतं, पण तिथे भावजयांचं राज्य. तर अब्बांनी तिच्यासाठी नियम केला होता. आम्ही मे महिन्यात गावी जात असू. आम्ही यायच्या आदल्या दिवशी चाचीने आपली भांडी, कपड्यांची ट्रंक, शेगडी आणि कोंबड्या घेऊन शेजारच्या घराच्या पडवीत जायचं. महिनाभर तिथे राहायचं. आम्ही निघालो की परत यायचं. म्हणजे अकरा महिने राहिली, बारावा महिना खंड पडला, म्हणजे हक्क लागत नाही. कायद्यात हे असं असतं की नसतं देव जाणे. राहत्या घराला आणि राखणीला कूळ लागतच नाही असं मला पुढे एका वकिलाने हसत हसत सांगितलं. पण अब्बांचा वकील अब्बाच होते. चाचीने कधी कुरकूर केली नाही. दिवसभर ती आमच्याच स्वयंपाकघरात अम्मीबरोबर घावन घाली, हसे, गाणी म्हणे, आणि संध्याकाळी दिवेलागणीला रुखसारचा हात धरून शेजारच्या पडवीत निजायला जाई. लहानपणी मला वाटे, सगळ्या चाच्या संध्याकाळी घरी जातात तशी हीही जाते.

मी बारावीत होते त्या वर्षी आमच्या आरमाराने मस्कत घेतलं आणि वर सरकत खोर फक्कानला पोचलं. खोर फक्कान आमच्या ओळखीचं. ईदच्या सुट्टीत अब्बांच्या जुन्या गाडीत बिर्याणीचं पातेलं मांडीवर धरून आम्ही डोंगरातून तिकडे जात असू. एका बाजूला कंटेनरच्या क्रेन, दुसऱ्या बाजूला निळं पाणी, आणि अम्मी वाळूवर पथारी पसरून हे अगदी आपल्या खाडीसारखं आहे असं म्हणणार. तिला सगळंच आपल्या खाडीसारखं वाटे. खेळात ते खजूर आणि मासळीचा एवढासा सुभा होता. अब्बांनी तिथे भलीमोठी शिबंदी आणि कडक सुभेदार बसवला. सुभा बिथरला. अब्बांनी सुभेदार बदलला. सुभा आणखी बिथरला. दर शुक्रवारी तिथे बंड. मी म्हणत होते, पंचांच्या हाती देऊन तर बघा, एवढासा सुभा आहे, गेला तरी काय जातं? अब्बा म्हणत, एवढ्याशापासूनच सुरुवात होते.

आणि अशाच एका दुपारी गावाहून फोन आला. शेजारच्या काशीमभाईंचा, ज्यांच्या पडवीत चाची महिनाभर राहायची त्यांचाच. अब्बांना दुपारी झोपमोड चालत नसे, पण ऐकता ऐकता ते ताठ उठून बसले. काशीमभाईंनी सहज, कौतुकानेच सांगितलं होतं, की हाजराने बागेच्या वरच्या अंगाला, जिथे जुनी झाडं पडून मोकळं झालं होतं, तिथे नवी कलमं लावली. स्वतः खड्डे काढले, लांबून डोक्यावरून पाणी आणून घालते. त्यांना वाटलं मालकाला आनंद होईल. अब्बांनी फोन ठेवला तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी अम्मीला हाक मारली आणि म्हणाले, बघ, मी सांगत नव्हतो? कलमाला फळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात. ज्याला कधीतरी जायचंय असा माणूस कलम लावतो का? मग त्यांनी तिथल्या तिथे निकाल देऊन टाकला. या मे महिन्यात चाची पडवीत जाईल ती परत येणार नाही. घराला कुलूप, बागेला पगारी रखवालदार. आजच फोन करून सांगतो, म्हणजे तिला दुसरीकडे सोय बघता येईल. खलास.

मी आणि इम्मू कॉम्प्युटरसमोर बसलो होतो. खेळ चालू होता पण माझं बोट माऊसवरून हलेना. रुखसारची बारावीची परीक्षा त्या वर्षी होती, माझ्यासारखीच. ती कुठे जाणार, मामींच्या घरी? तिथे तिला कुणी पुढे शिकू दिलं असतं? मला एवढं सगळं सुचत होतं पण अब्बांसमोर बोलायची आमच्यात कुणाची हिंमत नव्हती. अब्बा गावी फोन लावायचं कॉलिंग कार्ड, त्यावरचा झाकलेला नंबर दिसावा म्हणून, नाण्याने खरवडत होते, तो करकर आवाज मला अजून आठवतो.

अम्मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने आजवर आमच्या खेळात कधी लक्ष घातलं नव्हतं आणि गावच्या व्यवहारातही नाही. ती हात पुसत पुढे आली आणि अब्बांच्या समोर बसली.

'तुम्हाला या देशात वीस वर्षं झाली,' ती म्हणाली. 'तुमचं कूळ लागलं का?'

अब्बांनी खरवडणं थांबवलं. इथली गोष्ट वेगळी आहे असं काहीतरी ते बोलू लागले. दर तीन वर्षांनी व्हिसाचा शिक्का, शिक्क्याच्या आधी रक्ततपासणी, फ्लॅटचा करार तर दर वर्षी नवा, हे अम्मीला काय माहीत नव्हतं? तिने त्यांना बोलू दिलं. मग म्हणाली, 'मी बाल्कनीत तेलाच्या डब्यात कढीपत्ता लावलाय. सात वर्षांचा झाला. तो काय मी अरबाचा फ्लॅट बळकावायला लावलाय? माणूस राहतो तिथे काहीतरी लावतो. त्याच्याने राहवत नाही.'

ती उठून आत गेली आणि तिने भांडी घासायला घेतली. अब्बांनी अर्धवट खरवडलेलं कार्ड खिशात ठेवलं. त्या दिवशी त्यांनी फोन केला नाही. आठवडाभर घरात कुणी त्या विषयाचं नाव काढलं नाही. अब्बा गोदामातून उशिरा येत, शारजाच्या ट्रॅफिकला शिव्या देत जेवत आणि झोपत. पण त्यांनी निर्णय बदललाय असंही काही दिसत नव्हतं. अम्मी वरवर नेहमीसारखी होती, फक्त भाकऱ्या जाड येत होत्या.

पुढच्या शुक्रवारी जेवण झाल्यावर अब्बा आडवे झाले नाहीत. खुर्ची ओढून माझ्याशेजारी येऊन बसले आणि स्क्रीनकडे बघत म्हणाले, 'ते तुमचं पंचांचं बटण कुठे आहे?' मी दाखवलं. त्यांनी खोर फक्कान उघडला. बराच वेळ नुसते वाचत बसले. मग शिबंदी निम्मी केली, सुभेदार परत बोलावला आणि कारभार पंचांच्या हाती दिला. वर मला बजावलं की हे फक्त या एका सुभ्यापुरतं, बाकीच्यांना हात लावायचा नाही. इम्मू म्हणाला, 'फायनली.' अब्बांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. मग आम्ही एकेक महिना पुढे सरकू लागलो. वसुली घटली तेव्हा अब्बा म्हणाले, बघा. पण पट्टे लालचे पिवळे झाले, पिवळ्याचे फिके झाले. त्या दुपारी ते झोपले नाहीत. चहा झाला, दिवस मावळला, मगरिबची अजान झाली, आणि कधीतरी त्या एवढ्याशा सुभ्यावरचे पट्टे पुसले गेले. पुढच्या लढाईत त्याने आपण होऊन दोन गलबतं पाठवली. अब्बा खुर्चीत मागे रेलले. म्हणाले, गेम आहे हा, गेममधली माणसं खोटी असतात, खऱ्या माणसाचं असं नसतं. आणि उठून वुजू करायला, नमाजाआधी हातपाय धुवायला, गेले.

त्या खेळाने अब्बांचं मन वळवलं असं मी म्हणणार नाही. माझ्या मुलांना ही गोष्ट मी सांगते तेव्हा त्यांना तसंच हवं असतं, कॉम्प्युटर गेममुळे आजोबा सुधारले, मग आम्हालाही खेळू दे. पण माणूस बटण दाबून बदलत नाही. मला वाटतं अम्मीच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना सापडत नव्हतं, आणि ते शोधायला त्यांना हातात काहीतरी काम हवं होतं. अब्बांना नुसतं बसून विचार करता येत नसे. गोदामातही ते अडचण आली की आधी एखादं कपाट आवरायला घेत. आज ते नाहीत, आणि त्यांची आठवण येते तेव्हा मला ते असेच दिसतात, नाकावर चष्मा घेऊन एका खोट्या मुलुखाची खरी काळजी करणारे. त्या काळजीवर मी तेव्हा हसत होते. आता ती मला फार हवीहवीशी वाटते.

एप्रिल आला. आमच्या तिकिटांचं नक्की झालं की अब्बा दर वर्षी चाचीला फोन करून तारीख सांगत. अब्बांना कार्डावरचं एक मिनिट वाया गेलेलं खपत नसे, त्यामुळे स्पीकर लावायचा, सगळ्यांनी एकदाच सलाम करायचा, तारीख सांगायची आणि ठेवायचं. त्या संध्याकाळी त्यांनी नंबर फिरवला तेव्हा अम्मी शिलाई मशीनवर होती आणि तिने पाय थांबवला. आम्हा कुणालाच माहीत नव्हतं ते काय सांगणार आहेत. पलीकडे चाचीचा आवाज आला, मागे कोंबड्यांचा कलकलाट. तिने आमचे सलाम घेतले, रुखसारचे पेपर बरे गेल्याचं सांगितलं, आणि अब्बांनी तोंड उघडायच्या आत, दर वर्षी विचारायची तशीच, अगदी मोकळ्या आवाजात विचारलं, 'भाई, तारीख सांगा. आदल्या दिवशी घर रिकामं करून ठेवते.'

अब्बांनी घसा खाकरला. 'रिकामं करू नको,' ते म्हणाले. 'या वर्षी नको, आणि पुढेही नको.'

चाचीला बहुधा नीट ऐकू आलं नाही असं वाटलं असावं. तिने कोंबड्यांना हुसकावलं, फोन जवळ घेतला आणि गोंधळून विचारलं, 'मग तुम्ही सगळे निजाल कुठं?'

'तू सांगशील तिथं,' अब्बा म्हणाले.

पलीकडे आता फक्त कोंबड्या ऐकू येत होत्या. कार्डावरची मिनिटं चालली होती. अब्बा फोनपाशी तसेच उभे राहिले.